इलायस हौ व सुईचें नेढें

शिवणाच्या डब्यांतून हातानें शिवण्याची एक सुई व शिवणयंत्राची एक सुई अशा दोन सुया काढून शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर त्यांतील भेद लहान मुलाच्याहि तेव्हांच ध्यानांत येईल. हातसुईचें टोंक एका शेवटास व नेढें दुसऱ्या शेवटास असतें. यंत्राच्या सुईचें नेढें मात्र टोंकाच्या अगदीं लगत असतें. हें अंतर पाहावयास बोटभर आहे, परंतु तें ओलांडण्यास मनुष्यजातीस हजारों वर्षें लागलीं. हें नेढें टोंकाजवळ आणून त्याच्या आधारें चालणारें यंत्र ज्यानें उभें केलें, आणि ज्याला त्याबद्दल प्रथम दारिद्र्य, मग शोक व सर्वांच्या शेवटीं संपत्ति लाभली, त्या इलायस हौ याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं वाचण्यासारखें आहे.

इलायस हौ याचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, स्पेन्सर नांवाच्या गांवीं, ता. ९ जुलै १८१९ रोजीं झाला. त्याचे वडील शेतकरी असून त्यांची लहानशी गिरणीहि होती. परंतु कुटुंब मोठें व उत्पन्न बेताचें असल्यामुळें घरांतील मुलांनाहि कामास हात लावावा लागे. कापूस पिंजण्याच्या यंत्रांना चामड्याचे पट्टे लागतात व त्या पट्ट्यांत तारेचे बारीक दांत ओळीनें बसवावे लागतात. हें काम सहा वर्षांचा इलायस आपल्या भावंडांबरोबर करीत असे. तो लहानपणापासून पायानें अधू होता व प्रकृतीनेंहि नाजूक होता. त्यास एका शेजारच्या शेतकऱ्याकडे चाकरीस ठेवून पाहिलें, पण शेतीचीं कष्टाचीं कामें त्याला झेपेनात. त्याचा ओढा वडिलांच्या गिरणींतील चाकांकडे व साध्या हत्यारांकडे होता, आणि त्यांच्याच संगतींत तो वाढला.

सन १८३५ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तो लोवेल या गांवीं कापडाच्या गिरण्यांचीं यंत्रें बनविण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून राहिला. पुढें १८३७ सालीं अमेरिकेंत व्यापाराची मोठी मंदी आली, गिरण्या बंद पडल्या, व इलायसची नोकरीहि गेली. तेथून तो केंब्रिज येथें गेला व एका यंत्रशाळेंत कामास लागला. तेथेंच नॅथॅनिएल बँक्स नांवाचा त्याचा नात्यांतील भाऊ काम करीत होता. हा तरुण पुढें अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिसभेचा अध्यक्ष झाला. त्यानंतर इलायस हा एरी डेव्हिस नांवाच्या निष्णात कारागिराच्या हाताखालीं राहिला. डेव्हिस हा जहाजांवरील घड्याळें व इतर सूक्ष्म उपकरणें तयार करी व दुरुस्त करी. आपल्या नायकाच्या आयुष्यास जें वळण लागलें तें याच दुकानांत. एके दिवशीं कोणी एक गृहस्थ विणकामाच्या यंत्राचा नमुना घेऊन डेव्हिसकडे सल्ल्यास आला. बोलतां बोलतां गोष्ट शिवणयंत्रावर गेली. असें यंत्र जो करील तो धनाढ्य होईल, असें उद्गार तेथें निघाले. दुकानांत असे उद्गार रोजच निघत व विरून जात. परंतु कोंपऱ्यांत कानस घेऊन बसलेल्या एका लंगड्या तरुणाच्या मनांत तो विचार घर करून राहिला.

सन १८४१ मध्यें इलायसचें एलिझाबेथ एम्स हिच्याशीं लग्न झालें. त्यांना तीन मुलें झालीं. आठवड्यास नऊ डॉलर एवढ्या वेतनांत पांच माणसांचा निर्वाह होत नसे. शिवाय कारखान्यांतील श्रमानें इलायस इतका थकून जाई कीं, संध्याकाळीं घरीं आल्यावर त्यास पुष्कळदां अंथरुणावर पडून राहण्यापलीकडे कांहीं सुचत नसे. अशा वेळीं एलिझाबेथ लोकांचें शिवण आणून दिव्याच्या उजेडांत शिवीत बसे. तिचा हात एका लयींत वर जाई व खालीं येई, आणि अंथरुणावर पडलेला तिचा पति त्या हाताकडे पाहात राही. डेव्हिसच्या दुकानांत ऐकलेली गोष्ट श्रीमंतीची होती. घरांत डोळ्यांपुढें असलेली गोष्ट पत्नीच्या शिणलेल्या बोटांची होती. या दोहोंतून त्याचा निश्चय झाला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवणयंत्राचा विचार करणारा हौ हा पहिला मनुष्य नव्हे. फ्रान्समध्यें बार्थेलेमी तिमोनिए नांवाच्या शिंप्यानें १८३० सालीं एक यंत्र तयार करून त्यावर सैनिकांचे कपडे शिवावयास आरंभ केला होता. परंतु आपला धंदा बुडेल या भयानें पॅरिसमधील शिंप्यांनीं त्याचीं यंत्रें मोडून टाकलीं. त्या यंत्राची सुई आंकड्याची असून शिवण एकाच दोऱ्याच्या सांखळीची होती, व तिचें टोंक सुटलें म्हणजे ती उसवत जाई. यंत्र टिकाऊ शिवण घालील तरच त्याचा खरा उपयोग, हें उघड होतें.

हौनें प्रथम जो मार्ग धरला तो बहुतेकांना सुचणारा असाच होता. पत्नीचा हात जें करतो तेंच लोखंडाच्या हाताकडून करवावें, असें त्यास वाटलें. त्यानें दोन्ही बाजूंस टोंकें व मध्यभागीं नेढें असलेली सुई तयार केली. ती कापडांतून पलीकडे जावी व पुन्हां अलीकडे यावी अशी योजना होती. कित्येक महिने तो या नमुन्यापाठीमागें लागला. परंतु हातशिवणींत प्रत्येक टांक्याला सगळा दोरा कापडांतून ओढून घ्यावा लागतो. हाताला तें साधतें, कारण हात मोकळा आहे व डोळा त्याच्या सोबतीस आहे. यंत्राला तें साधेना. टांके वेडेवांकडे पडत व दोरा गुंते.

अखेर १८४४ सालीं त्याच्या मनांत असा प्रश्न उभा राहिला कीं, यंत्रानें हाताचीच नक्कल कां करावी? ज्या गिरण्यांच्या यंत्रशाळेंत त्याचें तारुण्य गेलें, तेथें माग होते, व मागांत धोटा इकडून तिकडे धांवून दोरा ओवीत असतो. सुईनें एक दोरा कापडापलीकडे न्यावा, तेथें त्याचा लहानसा फांसा व्हावा, आणि दुसरा दोरा घेतलेल्या धोट्यानें त्या फांशांतून निघून जावें, म्हणजे दोन्ही दोरे एकमेकांत अडकतील, हें त्याच्या ध्यानांत आलें. मग सुईला सबंध कापडांतून पार जाण्याचें कारणच उरलें नाहीं. तिनें केवळ टोंक आंत घालावयाचें व परत यावयाचें. परंतु टोंकाबरोबर दोराहि आंत जावयाचा असेल, तर नेढें टोंकाजवळच असलें पाहिजे! भालाइतांच्या भाल्यांच्या फाळांना भोंकें असलेलीं स्वप्नांत दिसलीं व त्यावरून ही युक्ति सुचली, अशी एक आख्यायिका त्याच्या घराण्यांत सांगत असत. ती खरी असो वा नसो, जागेपणीं केलेल्या श्रमांवांचून असें स्वप्न कोणास पडत नाहीं, एवढें मात्र खरें.

हा फांसा कसा होतो तें थोडक्यांत समजून घेण्याजोगें आहे. सुई खालच्या टोंकास पोंचून किंचित् वर येऊं लागली, म्हणजे तिच्या एका बाजूचा दोरा कापडाच्या घर्षणामुळें तिच्याबरोबर वर येत नाहीं. तो तेथेंच फुगतो व त्याची कड्यासारखी वळी होते. त्याच क्षणीं धोट्याचें टोंक त्या वळींतून गेलें पाहिजे. एक क्षण आधीं गेलें तर वळी झालेली नसते; एक क्षण उशीर झाला तर ती निघून गेलेली असते. मग वरचा दोरा ताणला जातो, व दोन्ही दोऱ्यांची गांठ कापडाच्या जाडीच्या मध्यभागीं बसते. आपल्याकडे गोधडीला धांवदोरा घालतात त्यांत एकच दोरा खालीं-वर जात असतो. यंत्राच्या टांक्यांत दोन दोरे एकमेकांस धरून राहतात. म्हणूनच तो एखाद्या ठिकाणीं तुटला तरी सगळी शिवण उसवत नाहीं.

कल्पना सुचली, पण पदरीं पैसा नव्हता. त्या वेळीं जॉर्ज फिशर नांवाचा त्याचा एक मित्र केंब्रिज येथें कोळशाचा व लांकडांचा व्यापार करीत असे. त्यानें डिसेंबर १८४४ मध्यें हौच्या कुटुंबास आपल्या घरीं ठेवून घेतलें व साधनसामग्रीसाठीं पांचशें डॉलर देण्याचें कबूल केलें. त्याबद्दल होणाऱ्या स्वामित्वाचा अर्धा वांटा त्यास मिळावयाचा होता. फिशरच्या घराच्या माळ्यावर हौनें सबंध हिंवाळा काढला. एप्रिल १८४५ मध्यें त्याच्या यंत्रानें पहिली शिवण घातली, व त्याच वर्षाच्या जुलै महिन्यांत त्या यंत्रावर लोंकरीचे दोन पोशाख शिवून तयार झाले, एक फिशरसाठीं व एक स्वतः हौसाठीं. या यंत्राची सुई सरळ नसून किंचित् वांकडी होती व ती आडवी चाले. कापड एका पट्टीवर टांचण्यांस उभें अडकवावें लागे.

यानंतर बोस्टन येथील क्विन्सी हॉल या कपड्यांच्या कारखान्यांत त्यानें आपलें यंत्र लोकांपुढें ठेवलें. तें मिनिटास सुमारें अडीचशें टांके घालीत असे. एके दिवशीं सारख्याच लांबीच्या दहा शिवणी घेण्यांत आल्या. पांच शिवणी तेथील अत्यंत चलाख अशा पांच मुलींना प्रत्येकीं एक याप्रमाणें दिल्या, व राहिलेल्या पांचहि हौनें आपल्या यंत्राकडे घेतल्या. मुलींच्या पांच शिवणी होण्यापूर्वींच यंत्राच्या पांच शिवणी झाल्या, व परीक्षकानें यंत्राचेंच काम अधिक नीटस व मजबूत ठरविलें. तरीहि एकाहि कारखानदारानें यंत्र विकत घेतलें नाहीं. एका यंत्राची किंमत सुमारें तीनशें डॉलर पडे, आणि मोठ्या कारखान्यास तशीं तीस-चाळीस लागलीं असतीं. शिवाय शिंप्यांचा रोष कोणास नको होता. ता. १० सप्टेंबर १८४६ रोजीं हौस सरकारकडून ४,७५० क्रमांकाचें पेटंट मिळालें. पण पेटंटानें मुलांचें पोट भरत नसतें. फिशरचा धीर सुटला व हौ आपल्या वडिलांच्या घरीं राहावयास गेला.

अमेरिकेंत न खपलेलें यंत्र इंग्लंडांत तरी खपेल या आशेनें त्याचा भाऊ अमासा हौ हा ऑक्टोबर १८४६ मध्यें यंत्र घेऊन लंडन येथें गेला. तेथें विल्यम थॉमस नांवाच्या कारखानदारानें तें अडीचशें पौंडांस घेतलें, व त्याबरोबर त्या यंत्राचे इंग्लंडांतील हक्कहि त्याच्या हातीं गेले. पुढील वर्षीं आपल्या कारखान्यास सोईस्कर असें यंत्र करून देण्यासाठीं थॉमसनें इलायसला आठवड्यास तीन पौंड वेतनावर बोलावून घेतलें. मागाहून त्याचीं बायकामुलेंहि लंडनास आलीं. परंतु आठ महिन्यांत काम पुरें होतांच दोघांचें बिनसलें, व परक्या देशांत हौ बेकार झाला. त्यानें पत्नीस व मुलांस कसेंबसें मायदेशीं परत पाठविलें, आणि आपण मागें राहून एक नवें यंत्र तयार केलें. त्याचे त्यास अवघे चार-पांच पौंड आले. अखेर परतीच्या भाड्यासाठीं त्यानें आपलें पहिलें यंत्र व पेटंटाचे कागद गहाण टाकले.

एप्रिल १८४९ मध्यें तो न्यू यॉर्क बंदरांत उतरला तेव्हां त्याच्या खिशांत अर्धा क्राउन होता. तेथें एका यंत्रशाळेंत त्यास काम मिळतें न मिळतें तोंच केंब्रिजहून निरोप आला कीं, एलिझाबेथ क्षयानें अत्यवस्थ आहे. जाण्यास पैसे नव्हते. वडिलांकडून दहा डॉलर आले तेव्हां तो निघाला, व तिच्या अंतकाळीं जेमतेम तिच्याजवळ पोंचला. अंत्यविधीस जाण्यासारखे कपडेहि त्याच्याजवळ नव्हते. मेहुण्याचा पोशाख अंगावर घालून त्यानें पत्नीस निरोप दिला. थोड्याच दिवसांत त्याचें उरलेंसुरलें घरगुती सामान आणणारें जहाजहि बुडाल्याची बातमी आली. जिच्या बोटांचे श्रम वांचविण्यासाठीं तें यंत्र जन्मास आलें, तिच्या हातीं त्या यंत्राचें सुख कधींच पडलें नाहीं. या चरित्रांतील सर्वांत दुःखद गोष्ट हीच होय.

इकडे तो परदेशीं असतां अमेरिकेंत एक चमत्कार घडला होता. ज्यांनीं पूर्वीं यंत्र नाकारलें त्यांच्याच देशांत आतां निरनिराळे कारागीर शिवणयंत्रें बनवून विकीत होते, व त्या बहुतेकांत टोंकाशीं नेढें असलेली सुई व धोटा या हौच्याच गोष्टी होत्या. हौनें प्रथम आपले गहाण पडलेले कागद व यंत्र सोडवून आणविलें, आणि मग न्यायासनाकडे धांव घेतली. त्याचा सर्वांत प्रबळ प्रतिस्पर्धी आयझॅक सिंगर हा होता. सिंगरनें १८५१ सालीं पेटंट मिळविलेल्या आपल्या यंत्रांत पुष्कळ सुधारणा केल्या होत्या: सुई सरळ करून ती उभी चालविली, कापड मेजावर आडवें ठेवलें, व तें दाबून धरण्यास पायाची योजना केली. आज आपण घरोघर पाहतों त्या यंत्राचें रूप मुख्यतः सिंगरचें आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण सुई सरळ झाली तरी तिचें नेढें हौनें ठेविलें तेथेंच होतें.

आपल्या बचावासाठीं सिंगरनें न्यू यॉर्कच्या वॉल्टर हंट याचा दाखला पुढें आणला. सुरक्षितपणें लागणारी टांचणी, जिला आपण सेफ्टी पिन म्हणतों, ती याच हंटनें पुढें १८४९ सालीं शोधून काढली. त्यानें १८३२ ते १८३४ च्या सुमारास टोंकाशीं नेढें असलेली सुई व धोटा असलेलें यंत्र खरोखरच तयार केलें होतें. पण त्याचें पेटंट न घेतां तें तसेंच टाकून दिलें. या यंत्रानें गरीब शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची भाकरी जाईल, असें त्याच्या मुलीस वाटलें व म्हणून त्यानें तो नाद सोडला, असें सांगतात. तसें असेल तर त्याची दया वंदनीय आहे. परंतु ज्यानें काम सोडून दिलें त्याला पुढें त्यावर हक्क सांगतां येत नाहीं, असें पेटंटखात्यानें व न्यायाधीशांनीं १८५४ सालीं ठरविलें, आणि निकाल हौच्या बाजूनें झाला. वाचकांनीं या निकालाचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. हंटला कल्पना आधीं सुचली हें न्यायानें नाकारलें नाहीं. ती शेवटास नेऊन लोकांच्या उपयोगास आणण्याचें श्रेय मात्र हौस दिलें. कल्पना सुचणें ही एक गोष्ट व उपाशी पोटीं तिचा पाठपुरावा करणें ही दुसरी.

सन १८५६ मध्यें हौ, सिंगर, व्हीलर आणि विल्सन, व ग्रोव्हर आणि बेकर यांनीं आपसांतील खटले थांबवून आपलीं पेटंटें एकत्र केलीं. या करारान्वयें अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागें हौस पांच डॉलर मिळूं लागले. पेटंटाची मुदत संपेपर्यंत त्याची एकंदर प्राप्ति दहा लाख डॉलरांहून अधिक झाली. ज्यास पत्नीच्या अंत्यविधीस उसना पोशाख घालावा लागला तो मनुष्य पांच-सहा वर्षांत मोठा श्रीमंत झाला.

संपत्तीनें त्याची वृत्ति बदलली नाहीं याचा पुरावा पुढें लौकरच मिळाला. अमेरिकेंतील यादवी युद्ध चालू असतां १८६२ सालीं हौ कनेक्टिकटच्या १७ व्या पायदळ पलटणींत साधा शिपाई म्हणून भरती झाला. पैशाच्या बळावर अधिकाराची जागा मिळविणें त्यास कठीण नव्हतें. पण त्यानें ती घेतली नाहीं. पाय अधू असल्यानें लढाईच्या ओळींत उभें राहणें त्यास शक्य नव्हतें, तेव्हां त्यानें पलटणीच्या टपालाचें काम पत्करलें, व घोड्यावर बसून सैनिकांचीं पत्रें तो आणी व पोंचवी. एकदां सरकारकडून पलटणीचा पगार येण्यास फार विलंब लागला, तेव्हां या साध्या शिपायानें पदरचे पैसे देऊन सर्वांचे पगार भागविले.

१८६७ सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्यास सुवर्णपदक व फ्रेंच सरकारचें मानचिन्ह मिळालें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्याच्या पेटंटाची मुदत संपली, आणि महिना भरण्यापूर्वींच, ता. ३ ऑक्टोबर १८६७ रोजीं, ब्रुकलिन येथें वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं तो मरण पावला. १९४० सालीं अमेरिकन सरकारनें नामांकित संशोधकांचीं तिकिटें काढलीं, त्यांतील पांच सेंटांच्या तिकिटावर हौचें चित्र आहे.

यंत्रानें झालेलें हित व अहित दोन्ही सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं. हौच्या हयातींतच व्हीलर आणि विल्सन कंपनीनें दाखवून दिलें कीं, जो पुरुषाचा सदरा हातानें शिवण्यास चौदा तासांहून अधिक लागत, तो यंत्रावर सव्वा तासांत होतो. घरोघरच्या स्त्रियांच्या रात्री त्यामुळें मोकळ्या झाल्या व गरिबासहि दुसरा सदरा परवडूं लागला. परंतु कारखान्यांत मात्र तास वांचले म्हणून श्रम वांचले असें झालें नाहीं. थोड्या मजुरींत अधिक कपडे शिवण्याचा तगादा मागें लागला. हंटच्या मुलीची भीति अगदींच निराधार नव्हती. यंत्र काम हलकें करतें. मजुरी योग्य ठेवणें हें माणसांचें काम आहे.

हौच्या सुईचा वंश आज फार विस्तारला आहे. अमेरिकेंत रजई शिवण्याची कला घरोघरीं चालत आली आहे. वरचें ठिगळकामाचें कापड, मध्यें कापसाचा थर व खालीं अस्तर असे तीन थर एकत्र शिवावयाचे असतात. त्यासाठीं आतां लांब हाताचीं मोठीं यंत्रें निघालीं आहेत. त्यांत रजई चौकटीवर ताणून स्थिर ठेवतात व रुळांवरील यंत्रच तिच्यावरून फिरवितात. साध्या यंत्रांत कापड सुईखालून सरकतें. येथें सुईच तीन थरांत रुतलेली असतांना यंत्राबरोबर बाजूस ओढली जाते व किंचित् वांकते. बारीक सुई असल्यास ती धोट्याच्या वाटेंतून ढळते, वळी चुकते, टांके गळतात, आणि कधीं सुई मोडते. म्हणून या कामास जाड व कणखर सुई निवडतात. सुईच्या पुडीवरील १०० हा आंकडा तिची जाडी एक मिलिमीटर असल्याचें सांगतो, व ११० म्हणजे १.१० मिलिमीटर, रजईकामास बहुधा याच दोन वापरतात. दोरा फार तलम असेल तर त्याहून बारीक, व जाड असेल तर अधिक जाड सुई लागते. दोरा नेढ्यांतून ओवून तो तिरपा ताणून धरावा. सुई स्वतःच्या वजनानें किंचित् अडखळत खालीं घसरली तर जोडी जमली. अडकून राहिली तर नेढें लहान, व सपाट्यानें घसरली तर नेढें मोठें, असें समजावें.

सुई बदलतांनाहि हौची वळीच ध्यानांत ठेवावी लागते. सुईच्या एका अंगास लांब खोबण असते. तींतून दोरा घासल्यावांचून खालीं जातो. दुसऱ्या अंगास नेढ्याच्या वर लहान खांच असते. धोट्याचें किंवा त्याच्या जागीं आलेल्या फिरत्या आंकड्याचें टोंक त्या खांचेंतून वळी उचलतें. घरगुती यंत्राच्या सुईचा दांडा एका बाजूस सपाट असल्यानें ती उलट बसत नाहीं. रजईच्या मोठ्या यंत्रांच्या सुयांचे दांडे गोल असतात. तेथें खोबण समोर व खांच मागें आहे हें डोळ्यांनींच पाहावें लागतें. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच मळसूत्र आवळावें. कापडांत शिरतांना टप्-टप् असा आवाज येऊं लागला, दोरा पिंजूं लागला, टांके गळूं लागले, किंवा कापडास भोंकें दिसूं लागलीं, म्हणजे सुई बोथट झाली असें जाणावें. पुष्कळ कुशल कारागीर तर प्रत्येक नव्या रजईस नवी सुई लावतात. मोडलेल्या सुईचे सर्व तुकडे सांपडल्यावांचून पुढचें काम करूं नये, व जुन्या सुया डबींत बंद करून टाकाव्या.

हजारों रुपयांच्या यंत्रांत सर्वांत स्वस्त वस्तु सुई होय. पण सबंध यंत्राचें यश तिच्यावर अवलंबून असतें. हौनें जन्मभर जें सहन केलें तें एका लहान भोंकाच्या योग्य जागेसाठीं. मोठें काम हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्यानें यावरून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही कीं, प्रयत्न वारंवार फसूं लागला तर अधिक जोर लावण्यापूर्वीं आपण धरलेली रीतच तपासून पाहावी. दुसरी ही कीं, बरोबर रीत एकदां सांपडली म्हणजे जग ती मान्य करीपर्यंत ती सोडूं नये. आणि ज्यांच्या घरांत एखादें मूल किंवा माणूस अशा ध्यासांत असेल, त्या वडीलमंडळींनीं एलिझाबेथ हौ हिचें स्मरण ठेवावें. पेटंटावर तिचें नांव नाहीं. परंतु तिच्या हाताच्या लयीवांचून तें यंत्र कधींच चाललें नसतें.